पाठीतलं निवळ पाणी

बायको जाऊन वर्ष होत आलं. कशानं गेली विचारलं की मेंदूचा टीबी म्हणतो. पण ते कळायच्या आधी एक दिवस मी खुशीत काढला होता.

महिनाभर तिचं डोकं दुखत होतं, अंगात बारीक ताप. वरवंडच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या की उतरायचा, परत चढायचा. मग बरळायला लागली, मान वाकेना. दौंडच्या दवाखान्यात नेली तोवर तिला मीही ओळखू येत नव्हतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूच्या आवरणाला सूज आलीय. कशानं आली ते पाठीतलं पाणी काढल्याबिगर कळायचं नाही, आणि जशी सूज तसं औषध. पोरगी अडून बसली, पाठीत सुई घातली की माणूस लुळं पडतं म्हणाली. बाईंनी तिची समजूत घातली.

कुशीवर निजवली, गुडघे पोटाशी धरले, मणक्यात सुई घातली. थेंब थेंब पाणी नळीत पडलं. मी वाकून बघितलं. काचेसारखं निवळ.

आम्ही मेंढरामागची माणसं. बाप कुठल्याही ओढ्याचं पाणी आधी ओंजळीत घेऊन बघायचा. गढूळ दिसलं तर कळप पुढं हाकायचा, निवळ असलं तरच पाजायचा. माझी अक्कल तेवढीच. मांडवगणला मेव्हण्याला फोन लावला, पाणी निवळ निघालं, आत घाण काही नाही. त्यानं बिरोबाला नारळ फोडला, गावभर सांगितलं आणि भंडारा घेऊन दौंडला आला. तिच्या कपाळाला लावला आणि मला म्हणाला, "दाजी, ही कशाची जातीय? तुमाला आधी पोचवंल, मग सवडीनं बघंल." लई दिवसांनी हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी बाहेर बोलावलं. टीबी म्हणाल्या.

"पण पाणी तर निवळ व्हतं."

"तेच तर, आबा. पू करणारे जंतू असते तर गढूळ आलं असतं. ते झटकन मारतात, पण वेळेत औषध दिलं तर माणूस वाचतं. साधा व्हायरस असता तर पाण्यातली साखर शाबूत राहिली असती. यांची पार उतरलीय."

नळी रात्रभर उभी ठेवली होती, ती दाखवली. त्या निवळ पाण्यात कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी लोंबत होतं, टीबीची खूण. औषध कालच चालू केलंय म्हणाल्या, पण दुखणं फार आत गेलंय, आशा धरू नका.

ती पुन्हा बोलली नाही. नाकातल्या नळीतून गोळ्या चालू असतानाच गेली. कपाळावरचा भंडारा पोरीनं पुसू दिला नाही.

दहाव्याला मांडवगणची एक म्हातारी शेजारी येऊन बसली. "पाणी निवळ निघालं म्हनत व्हतास न्हवं रं?"

"व्हय मावशे," म्हटलं. "निवळच व्हतं."

पुढचं तिला सांगून काय उपयोग होता?