कणगीखालच्या हाका

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोठीत कणगीतून धान काढत होते. काविळीनं गेली, वय चाळीसही नव्हतं. माझ्या भावाची ही मुलगी हैदराबादेत प्रयोगशाळेत उंदरांवर काम करायची. चिमूरकडच्या आमच्या गावात लोक हसायचे... एवढी शिकली आणि उंदीर पोसते. मीही हसायची. जो धान खातो त्याला पोसायचं कशाला?

ती शेवटची आली त्या दिवशी माझी सून रेखा पिशवी भरून बसली होती. नातू चार वर्षांचा, पण बोलत नव्हता, नजर देत नव्हता, कुणाचं पाहून काही करत नव्हता. डॉक्टर म्हणाले, स्वमग्न आहे. गाव म्हणालं, पोटुशी असताना रेखानं ग्रहणात वांगी चिरली. माझ्या मुलाला, विलासला, गावाचं पटलं. दुपारच्या एस.टी.नं तो तिला भद्रावतीला माहेरी सोडणार होता, कायमचं.

तेवढ्यात मला कणगीखाली उंदराची पिल्लं सापडली. लाल, डोळे मिटलेली. सुपात घेऊन मी कोंबड्यांकडे निघाले.

“थांब ना आत्या,” सुनंदानं सूप धरलं. “मायले हाका मारून राह्यले ते.”

“मले त काई ऐकू नाई येत.”

“कोनालेच नाई येत. लय बारीक आवाज हाय. आमच्या यंत्राले येते.”

लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या कोठीत वावरते. इतकी वर्षं तिथं हाका चालल्या होत्या... आणि मी धान पाखडत होते.

तिनं एक पिल्लू तळहातावर घेतलं. कातडीतून पोटातलं दूध दिसत होतं. म्हणाली, याच दिवसांत डोक्यातले धागे एकमेकांना जोडले जातात, रोज नवे सांधे. तिच्याकडच्या काही उंदरांत जन्माआधीच एक बदल मुद्दाम केलेला असतो. त्यांचे सांधे वेळेआधीच पक्के होतात, आणि ती पिल्लं आईला कमी हाका मारतात. मी चौथी शिकलेली. त्या हरभऱ्याएवढ्या डोक्याकडे पाहतच राहिले. एवढ्याशा जागेत एवढं काम, आणि कुणी सांगायला नाही की आधी काय जोडायचं.

विलास दारात येऊन ऐकत होता. “आमच्या पोराचंही तसंच हाय का?”

“सांगता नाई येत, दादा. मी उंदराचं पाह्यतो. मानसाचं समजाचं लय बाकी हाय.”

“अन् वांगे?”

“वांगे चिरले त भाजी होते. सांधे नाई बदलत.”

औषध विचारलं, तर नाही म्हणाली. खोटा धीर तिला जमायचा नाही. विलासनं पिशवी उचलली आणि आत नेऊन खुंटीला अडकवली.

सुनंदानं पिल्लं जागेवर ठेवली, आणि उगाच कणगीला कान लावून बसली. नातू आला. तिच्याकडे न पाहता शेजारी बसला आणि त्यानंही कान लावला. रेखा भाकरी तव्यावर टाकून बघत उभी राहिली. भाकरी करपली.

मोठे उंदीर मी अजून मारते. पिल्लं दिसली की सूप परत ठेवते. नातू बोलत नाही, पण रोज दुपारी कणगीला कान लावून बसतो. फोन आला तेव्हाही बसला होता. मी म्हटलं, “तुही सुनंदा आत्या गेली बापू.” त्यानं मान वळवली नाही. जरासा सरकला, शेजारी जागा केली... मी तिथं बसले आणि कान लावला.