आडवी चालणारी हार्ड डिस्क

झाकण काढलं की कॉम्प्युटर सुरू. झाकण लावून जागेवर ठेवला की बंद. पिंप्राळ्याच्या त्या घरात मी तिसऱ्यांदा स्क्रू पिळत होतो आणि मला काडीचंही कळत नव्हतं.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. मी डिप्लोमा करून जळगावातल्या एका दुकानात सर्व्हिस इंजिनिअर म्हणून नुकताच लागलो होतो. अंगात मस्ती होती. ते घर मंगलाअक्कांचं, त्या शाळेत शिक्षिका. पुण्याच्या भावानं त्यांना आपलं जुनं मशीन दिलं होतं. त्यावर त्यांनी सासूबाईंच्या तोंडची कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीची, सगळी गाणी टाइप केली होती. म्हातारी सांगायची, अक्का टाइप करायच्या, दोन वर्षं. मग म्हातारीला लकवा मारला आणि वाचा गेली. गाणी उरली ती फक्त त्या हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क म्हणजे मशीनची कोठी, सगळ्या फायली तिच्यात. दुसरी प्रत नव्हती. फ्लॉप्या होत्या, पण त्यांना बुरशी आली होती.

श्रावणात आमच्याकडे घरोघरी कानबाई बसते. त्याआधी घराला रंग लागतो, सामान इकडचं तिकडे होतं. अक्कांच्या घरीही झालं होतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मशीन कपाटाशेजारच्या फटीत होतं आणि स्क्रीनवर एरर. मी रुबाबात माझ्याजवळच्या फ्लॉपीवरून चेकडिस्क चालवला. हा डिस्कमधली गडबड शोधून निस्तरणारा प्रोग्राम. दुरुस्ती करू का, असं त्यानं विचारलं. मी 'वाय' दाबला, म्हणजे हो. पुढच्या सगळ्या प्रश्नांनाही वाय.

एरर तशीच. मग मशीन स्कूटरवर बांधून दुकानात आणलं. टेबलावर ठेवलं, तर लगेच सुरू!

शेठ म्हणाले, "चालतंय की! त्यांच्या घरचं व्होल्टेज बघ."

तेव्हाच गाणी फ्लॉपीवर घ्यायला हवी होती. पण चालत्या मशीनवर फ्लॉप्या कोण घालवतो? परत नेऊन दिलं. फटीत ठेवलं, बटण दाबलं, पुन्हा एरर.

व्होल्टेज मोजलं, बरोबर. मशीन फरशीवर घेऊन झाकण काढलं, सुरू. झाकण लावून फटीत ठेवलं, बंद. झाकण कुठंतरी टेकतंय म्हणून ते काढूनच फटीत ठेवलं. तरी बंद! आता माझं डोकं फिरायला लागलं. खाटेवरून म्हातारी एकटक बघत होती. तिच्या नजरेला नजर द्यायला मला लाज वाटत होती.

अक्का तिला म्हणाल्या, "माय, काळजी करू नको. बठ्ठं, सगळं सापडी जाई."

मग मला म्हणाल्या, "भाऊ, एक बोलू? हे आधी टेबलावर आडवं असायचं. रंगाच्या वेळी मी उभं ठेवलं. तुम्ही आडवं केलं की चालतंय, उभं केलं की बसतंय."

"अक्का, हे मशीन आहे, म्हैस नाही. त्याला उभं काय न् आडवं काय!"

मी आणखी तासभर वायरी हलवल्या. शेवटी सगळे उपाय थकले, तेव्हा झाकण लावून मशीन नुसतं आडवं केलं. सुरू झालं. उभं केलं. बंद.

कारण साधं होतं. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते आणि ती वाचणारा एक हात असतो. त्या काळच्या झिजलेल्या डिस्कमध्ये तो हात ढिला व्हायचा. मशीन आडवं असताना लिहिलेलं उभं करून वाचायला गेलं की हात स्वतःच्या वजनानं केसभर सरकायचा आणि चुकीच्या जागी वाचायचा. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. अक्कांनी नुसतं बघून ओळखलं होतं.

मशीन आडवं ठेवून सगळी गाणी नव्या फ्लॉप्यांवर घेतली. एक सोडून. कानबाईच्या बोळवणीचं गाणं फुटलं होतं. उभ्या मशीनवर मी धडाधड वाय दाबले होते ना, त्या दुरुस्तीनं धड फाईलचे तुकडे केले होते. मी अक्कांना खरं ते सांगितलं. दोन दिवस बसून त्यांनी तुकडे जुळवले. दोन ओळी कुठंच सापडल्या नाहीत. गल्लीत कुणालाही त्या येत नव्हत्या. म्हातारीला येत होत्या, तिचे ओठ हललेही, पण शब्द फुटला नाही.

बोळवणीच्या दिवशी मीही गेलो होतो. गाताना बायका त्या दोन ओळींपाशी आल्या आणि अडखळल्या. मग अक्कांनी टाळ्यांचा ठेका धरला. दोन ओळींच्या टाळ्या झाल्या आणि गाणं पुढं गेलं.

त्यानंतर गिऱ्हाइकाचं बोलणं संपेपर्यंत मी स्क्रूड्रायव्हर खिशातून काढला नाही. परवा कित्येक वर्षांनी श्रावणात त्या गल्लीत गेलो होतो. नव्या सुना तेच गाणं म्हणत होत्या. त्या जागी सगळ्यांनी बरोबर टाळ्या वाजवल्या. एकीला विचारलं, इथं शब्द का नाहीत?

ती म्हणाली, "काका, हे गाणं असंच शे. पहिल्यापासून."