मोयो म्हणाला तो

मारुफू विहिरी खणायचा. रुएन्या नदीच्या दोन्ही काठांच्या गावांत त्याच्या विहिरी होत्या आणि एकीचंही तोंड कधी ढासळलं नव्हतं. असं कसं, म्हणून कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "घाई केली नाही." मुरमात दिवसाला हात-दीड हात खोली व्हायची. कातळ लागला की वीतभर. कातळावर आधी जाळ करायचा, तापला की गार पाणी ओतायचं, तडा गेला की त्यात पहार घालायची. पहार मारताना कान द्यायचा. भरीव दगड वेगळा वाजतो, पोकळ वेगळा. वर रहाटावर गात्सी असायचा, त्याचा बावीस वर्षांचा जोडीदार. तो बोलायचा, मारुफू खणायचा.

गोऱ्या सरकारशी चाललेली लढाई रुएन्याच्या काठाला आली त्या वर्षी ते न्यामान्झा गावची विहीर खणत होते. गावाच्या वर, मारुफूच्याच शेताच्या कडेला. जंगलातली पोरं गावात येऊन जेवून जायची. सगळे त्यांना पोरंच म्हणत, बंदूक खांद्याला असली तरी. त्यांतला एक ढिगाऱ्यावर येऊन बसायचा. म्हेपो म्हणायचे त्याला. म्हेपो म्हणजे वारा.

"बाबा, एवढं खाली कशाला जाता? पाणी वरून पडतंच की."

"तुझ्यासारख्याला वरचं पुरतं," मारुफू खालून म्हणाला. "बायांना बारा महिने लागतं."

"आणि नाही लागलं तर?"

"तर तुझ्या तोंडातलं आणीन. दिवसभर सुटलेलंच असतं."

हसण्याच्या भरात गात्सीच्या हातून रहाट सुटता सुटता राहिला. म्हेपो एकदा खाली उतरला आणि त्याने पहार मागितली. डावा हात पुढे धरून त्याने पाच-सहा घाव घातले. घाव बरे होते. मारुफूने तसं सांगितलं नाही, पण पहार लगेच परत घेतली नाही.

"उलटी धरलीस रे," वरून गात्सी ओरडला.

"तुमचा दगडच उलटा आहे," म्हेपो म्हणाला.

म्हेपो हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. तसं खरं नाव कुणाचंच माहीत नसायचं. सीमेपलीकडच्या छावणीत एक नाव मिळायचं, लढायला आलं की दुसरं. घर, बाप, देवक, यातलं काही विचारायचं नाही, हा नियम होता. गावातला कुणी पकडला गेला आणि त्याच्या तोंडून निघालं, तर गोरे शिपाई त्या घरी जाऊन आग लावायचे. माहीतच नसलं तर सांगणार काय. म्हणून मारुफूनेही विचारलं नाही, आणि मायदेईनेही. मायदेई त्याची बायको. ती वाढायची आणि भांडी उचलायची.

सप्टेंबरातल्या एका दुपारी हेलिकॉप्टर नदीवरून आलं. पोरं कोरड्या पात्रातून जात होती. मारुफू वर येऊन पाणी पीत होता. गात्सी पळाला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. मारुफूला पळता येत नव्हतं, त्याचे गुडघे तसे राहिले नव्हते. तो तिथेच ढिगाऱ्याला टेकून आडवा पडला. गोळीबार थांबला तेव्हा म्हेपो शेताच्या बांधावर कोपरांवर सरपटत होता. उजवी मांडी फाटली होती. बंदूक कुठे गेली होती कोण जाणे.

लपायला जागा एकच होती. मारुफूने त्याला दोराने पाठीला बांधलं आणि भिंतीत कोरलेल्या खाचांवर पाय ठेवत खाली उतरला. तीस हात खोल. विहिरीच्या तोंडावर फांद्या आधीपासूनच होत्या, उन्हासाठी. वर शिपाई आले, फिरले. एकाने आत दगड टाकला. तो मारुफूच्या खांद्याला लागला. पाणी नव्हतं, आवाज आला नाही, ते गेले.

मारुफूने आपला सदरा फाडून मांडी घट्ट बांधली. त्याचा काही उपयोग झाला नाही. खालचा मुरूम काळा होत चालला. पोरगा जाणार हे मारुफूला कळलं, आणि मग त्याने नियम मोडला. मोडावाच लागणार होता. मेलेल्याला मातीत ठेवताना त्याचं देवक घेऊन हाक मारावी लागते. नाव माणसाचं एकट्याचं असतं, देवक त्याच्या आधी मेलेल्या सगळ्यांचं. ती हाक दिली नाही तर ते त्याला ओळखणार कसे? तो भटकत राहतो. परक्या देवकाने हाक दिली तर आणखी वाईट. मग तो दोन दारांच्या मध्ये उभा राहतो.

"बाळा," तो कानाशी म्हणाला, "तुझं देवक काय?"

म्हेपोने डोळे उघडले. डावा हात छातीवर नेला.

"मोयो," तो म्हणाला. "माझं... मोयो."

मोयो म्हणजे काळीज. आणि मोयो हे देवकही आहे, खूप घरांचं. त्या देवकाची माणसं कुठल्याच जनावराचं काळीज खात नाहीत. मारुफूला मोयोवाल्यांची बिरुदं येत होती. त्याची आजी त्यांच्यातली होती. त्याने ती हळू आवाजात, एकही न गाळता म्हटली. म्हेपोने त्याचं मनगट धरलं आणि मान हलवली. ओठ हलले, आवाज निघाला नाही. पोरगा आभार मानतोय, असं मारुफूला वाटलं. त्याने बिरुदं पुन्हा पहिल्यापासून म्हटली. ती संपायच्या आत मनगटावरची पकड सुटली होती.

ऊन कलल्यावर त्याने एकट्याने रहाट फिरवून त्याला वर काढलं. शेताच्या टोकाला मुहाचाच्या झाडाखाली खड्डा खणला, बाजूच्या भिंतीत कोनाडा कोरला, त्यात त्याला निजवून पुढे सपाट दगड लावले. अंगावर माती पडता कामा नये. घाई करण्यासारखी वेळ होती तरी त्याने घाई केली नाही. दगड लावून झाले तेव्हा त्याने एकदाच, मोठ्याने, मोयो म्हणून हाक दिली.

पुढचे चार दिवस तो विहीर बुजवत होता. माणूस गेलेल्या जागेचं पाणी कुणी पिणार नव्हतं. झाडाखाली कोण आहे हे मायदेईने विचारलं नाही. त्या दिवसांत न विचारण्यात माया होती. त्याच आठवड्यात गोऱ्यांनी सगळ्या गावाला तारांच्या कुंपणातल्या छावणीत नेऊन ठेवलं. गात्सी तिथेच तापाने गेला.

लढाई संपली. लोक परत आले, घरं पुन्हा शाकारली. आणि मग बाया येऊ लागल्या. कुणी एकटी, कुणी भावाला घेऊन. गावोगाव विचारत जायच्या, इथे कुणा पोराला पुरलंय का, कुणी, कुठे, कसा होता.

दुसऱ्या वर्षी नांगरटीच्या आधी अशीच एक बाई मारुफूच्या शेतात आली. उंच, अनवाणी, डोक्यावर गाठोडं. खूप दूरची, दक्षिणेकडच्या चिवीची, टोक्वे नदीच्या काठच्या चिवासांच्या घरातली. मायदेई दळायला गेली होती. बाईने बसून टाळ्या वाजवून नमस्कार केला, आणि मारुफूने आधी तिला पाणी दिलं.

"माझा मुलगा शाळेतून लढायला गेला, बाबा. त्याच्या वर्गातला एक परत आला. तो म्हणाला, याला रुएन्याकडे पाठवलं होतं. त्यानंतरचं त्याला माहीत नाही. लढाईतलं नावही माहीत नाही."

"माई, घरचं देवक कोणतं?"

"शुंबा," ती म्हणाली. शुंबा म्हणजे सिंह.

मारुफूला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. "मग तो तुमचा नाही, माई. माझ्याकडचा, त्या झाडाखालचा, मोयो आहे. त्यानेच सांगितलं, मरताना."

ती झाडाकडे बघत राहिली. "नक्की?"

"या कानांनी ऐकलं."

"तुम्ही त्याला चांगलं ठेवलंत. त्याच्या आईला सापडा तुम्ही," असं म्हणून ती उठली. तिला अजून तीन गावं करायची होती आणि दुपारची बस पकडायची होती. मुलगा दिसायला कसा होता हे तिने सांगितलं नाही, कारण मारुफूने विचारलंच नाही. एका शब्दावर काम उरकलं होतं.

मायदेई पिठाची टोपली घेऊन आली तेव्हा त्याने तिला सांगितलं. तिने टोपली खाली ठेवली.

"म्हणजे झाडाखाली म्हेपो आहे? तो बोलका?"

"तोच."

"आणि तो मोयो?"

"त्यानेच सांगितलं."

"तुम्हाला काय सांगितलं ते देव जाणे," मायदेई म्हणाली. "माझ्या हातचं बोकडाचं काळीज खाल्लंय त्याने. वाडगं पुसून. वर म्हणाला, माई, दुसऱ्या बोकडालाही काळीज असेल ना."

"तू नीट पाहिलंस?" मारुफू म्हणाला.

"मी रांधलं, मी वाढलं. तुम्ही विहिरीत ऐकता, मी चुलीपाशी बघते."

देवक न सांगता पोराने आपलं दुखणं सांगितलं होतं. माझं काळीज, म्हणाला होता, आणि हात तिथेच ठेवला होता. मनगट धरून मान हलवली होती ती नाही म्हणण्यासाठी. आणि मारुफूने त्याला बिरुदं दुसऱ्यांदा ऐकवली होती.

तो बसथांब्यापर्यंत गेला, गुडघ्यांच्या मानाने जितकं जमलं तितकं भरभर. धूळ खाली बसली होती. दुकानदार म्हणाला, उंच बाई ना, गेली.

चिवी ठाऊक होती, घराचं नाव ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी निघता आलं असतं. पण नांगरट आली, मग पेरणी, मग खुरपणी. मायदेई दर महिन्याला म्हणायची, "कधी?" तो म्हणायचा, "हे एवढं आटोपू दे." त्याने आयुष्यात कुठलं काम असं लांबवलं नव्हतं. जायचं म्हणजे आपण चुकीच्या नावाने हाक दिली, हे तिच्यासमोर बसून सांगायचं होतं. नाचणी कणगीत पडली, तेव्हा त्याच्याकडे कारण उरलं नाही. तो निघाला तेव्हा ती बाई येऊन गेल्याला आठ महिने झाले होते.

दोन दिवस बसमध्ये गेले, अर्धा दिवस पायी. चिवासांचं घर खडकाच्या आडोशाला होतं. ती अंगणात बसून शेंगा फोडत होती. तिने त्याला ओळखलं, हात थांबले नाहीत. तिचा मोठा दीर आला. पांढऱ्या दाढीचा, घरातला वडीलधारा. मारुफूने पाणी प्यायच्या आधी सगळं सांगितलं. विहीर, मांडी, तो शब्द, बोकडाचं काळीज.

"त्याने पहार उलटी धरली होती," तो म्हणाला. "डावा हात पुढे. आणि बोलायचा फार. वाक्य पुरं व्हायच्या आत स्वतःच हसायचा."

आता बाईचे हात थांबले. शेंग तिच्या डाव्या हातात होती.

दीर खाकरला. "लांबून आलात, पाहुणे. पण हिचा ताफिरेई घरी आला आहे."

"कुठे?"

दिराने बोट दाखवलं. गोठ्यामागे एक ताजा लिंपलेला उंचवटा होता, वर दगड रचलेले. "प्रेत मिळालं नाही तर काय करतात, तुम्हाला माहीत आहे. बकऱ्याचं डोकं पुरलं. नाचणीची बीअर केली, बैल कापला, शुंबा म्हणून हाक दिली. तो आला. माझ्या बहिणीच्या अंगात येऊन बोलला. आता या घरात तो आमची राखण करतो. गेल्या महिन्यात झालं हे."

"गेल्या महिन्यात," मारुफू म्हणाला.

"तुमच्या झाडाखाली ताफिरेई असेल, तर आम्ही घरात घेतला तो कोण?"

कोपऱ्यात बसलेल्या बायांपैकी एकीने मुलाला जवळ ओढलं. सगळे बाईकडे बघू लागले, कारण आता तिनेच बोलायचं होतं.

तिने शेंग उजव्या हातात घेतली आणि फोडली.

"माझा मुलगा उजवा होता, बाबा. आणि मुका म्हणावा इतका कमी बोलायचा. तुमची चूक झाली."

"चूक झाली, माई," मारुफू म्हणाला.

दिराने सुटकेचा श्वास टाकला. मग त्याला जेवायला वाढलं, मक्याच्या पिठाचा गरम गोळा आणि शेंगांच्या कुटातली भाजी. सगळ्यांनी त्याच्याशी फार चांगलं वागून घेतलं. पिकांचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं.

पाहुण्याला वाटेपर्यंत पोचवायला ती निघाली. खडक ओलांडून घर दिसेनासं झालं, तिथे ती थांबली. समोर न बघता म्हणाली,

"त्या झाडाला सावली आहे का?"

"मुहाचा आहे. बारमाही पानं."

"आणि शेत तुमचंच? उद्या कुणी नांगर घालणार नाही?"

"मी आहे तोवर नाही. मुलींनाही सांगितलंय."

तिने मान हलवली. कमरेच्या कापडाच्या गाठीतून मूठभर भाजलेल्या शेंगा काढून त्याच्या हातात दिल्या. "वाटेत खा," म्हणाली. "आता परत येऊ नका, बाबा. मला दोन्हीकडे रडता येणार नाही."

तो बस मिळेपर्यंत चालला. शेंगा त्याने खाल्ल्या. तिने खायला दिल्या होत्या.

घरी पोचला तेव्हा मायदेई अंगण झाडत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि केरसुणी भिंतीला टेकवली.

"त्यांचाच ना?"

"नाही म्हणाल्या," मारुफू म्हणाला, आणि पाय धुवायला मागे गेला.