ओटीचं ताट दुसऱ्याच्या हाती दिलं तेव्हा

दर्शन न घेता मी देवीच्या रांगेतून बाहेर पडले, तेव्हा नवस मोडल्याच्या भीतीनं मला रडू कोसळलं होतं. देवीनं आपल्याला दारातून परत पाठवलं, असंच मला वाटत होतं. आज मागं वळून पाहते तेव्हा त्या रडण्याचं हसू येतं आणि डोळेही भरून येतात.

पाच वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. सुप्याला कंपनीत कामाला होते ते, धडधाकट माणूस. एका सकाळी उजवा हात गेला आणि वाचाही गेली. तेव्हा मी कुलदेवीला बोलले होते, यांना बोलतं कर, मी पाच वर्षं नवरात्रात अनवाणी डोंगर चढून तुझी ओटी भरीन. यजमान हळूहळू बोलू लागले. हात अजून अधू आहे, पण माझ्या नावानं हाक मारतात, एवढं मला पुष्कळ होतं. चार वर्षं मी डोंगर चढले. गेल्या नवरात्रात पाचवं आणि शेवटचं वर्ष होतं.

चौथ्या माळेला माझी खालची अक्कलदाढ ठणकायला लागली. लवंग धरली, मेडिकलमधून गोळ्या आणल्या. दाढ दुखते म्हणून कोणी डॉक्टरकडे पळतं का, नवमी झाली की बघू, असं म्हणून मी ते अंगावर काढलं. उपवास होता, त्यामुळे माझ्या तोंडात घास जात नाही हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. अष्टमीच्या सकाळी उठले तर हनुवटीखाली दोन्ही बाजूंना सूज होती आणि अंगात ताप. मी पदर ओढून घेतला आणि थोरल्या जाऊबाईंबरोबर एसटीत बसले. जाऊबाईंनी दोनदा विचारलं. मी मानेनंच बरं आहे म्हणून सांगितलं, कारण बोलायला जीभ वळत नव्हती.

पाथर्डीकडचा आमच्या देवीचा डोंगर त्या दिवशी माणसांनी फुलला होता. रांग पायथ्याच्या बांगड्यांच्या दुकानांपर्यंत खाली आली होती. ओटीसाठी हिरव्या बांगड्या घ्यायच्या म्हणून रांगेतूनच मी शेजारच्या दुकानातल्या बाईंना कशीबशी हाक मारली. साठीच्या आसपासच्या असतील, डोक्यावर ओढणी, नाकावर चष्मा. त्यांचं नाव हमीदाबी, हे मला नंतर कळलं. बांगड्या काढता काढता त्या थांबल्या.

“ताई, तुमचा आवाज असा का येतो? तोंडात गरम घास धरल्यावानी.”

मी दाढेकडे बोट केलं. त्या दुकानातून उठून आल्या, माझा पदर बाजूला केला आणि हनुवटीखाली बोटांनी दाबून पाहिलं.

“ह्ये तर लाकडावानी लागतंय. थुंकी गिळता येती का?”

मी हातातला रुमाल दाखवला. तो लाळेनं चिंब झाला होता. सकाळपासून मी ती पुसतच होते.

हमीदाबी जाऊबाईंकडे वळल्या. “ह्यांना आत्ताच्या आत्ता नगरला मोठ्या दवाखान्यात न्या.”

जाऊबाई गोंधळल्या. “अवो, तिचा नवस हाय. शेवटचं वरीस. एवढं दर्शन झालं की लगेच नेते.”

“माझ्या मालकांचं असंच दाढंपासून झालं हुतं,” हमीदाबी म्हणाल्या. “आमी म्हनलं, सकाळच्याला जाऊ. त्यांनी सकाळ बघितली न्हाई.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. तरी खरं सांगते, मला त्यांचा रागच आला. एवढ्या जवळ आल्यावर ही बाई मला मागं का ओढते, असं वाटलं. मी वर कळसाकडे पाहिलं. पाय पुढे टाकायला गेले तर दम लागला, तोंडातून श्वास ओढावा लागला. तेवढ्यात मागं उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईनं माझ्या हातातलं ताट घेतलं. “मी भरते तुमच्या नावानं. तुमी जावा,” एवढंच ती म्हणाली. तिचं गाव, नाव, काही विचारायचं राहून गेलं. जाऊबाईंचा हात धरून मी रडतच रांगेतून बाहेर पडले.

हमीदाबींच्या भावाचा माल आणायचा छोटा टेम्पो मागं उभा होता. यात्रेचा दिवस, गिऱ्हाइकांची रीघ, तरी त्यांनी दुकानावर ताडपत्री ओढली आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला सारखं आडवं व्हावंसं वाटे. त्या पाठीमागं हात घालून मला ताठ बसवत. “आडवं व्हायचं न्हाई ताई. पुढं वाकून बसा.” हे त्यांना कोणी शिकवलं होतं? नवऱ्याच्या उशाशी बसून त्या शिकल्या होत्या.

नगरच्या इस्पितळात कॅज्युअल्टीच्या दारात एका तरुण डॉक्टरबाईंनी मला पाहिलं आणि स्ट्रेचर आणणाऱ्याला आधी थांबवलं. “झोपवू नका यांना. खुर्ची आणा.” जीभ बाहेर काढायला सांगितली, ती निघेना. ऑक्सिजन लावला, शिरेतून औषधं सुरू झाली, रक्त तपासलं तर साखरही वाढलेली निघाली. मला त्याचा पत्ताच नव्हता. मग डॉक्टरबाई माझ्यासमोर वाकून म्हणाल्या, “दाढेतला संसर्ग जिभेखाली आणि गळ्याकडे उतरलाय. सूज आणखी वाढली तर श्वासाची वाट बंद होईल. म्हणून आधी नाकातून श्वासाची नळी घालायची, मग खालून चिरा देऊन पू काढायचा आणि दाढ उपटायची. नळी घालताना तुम्ही जाग्या असाल. भीती वाटेल. फक्त अंग सैल सोडा आणि मी सांगेन तसा श्वास घ्या.”

मी जन्मभर सगळं स्वतःच्या बळावर रेटत आले होते. यजमानांचं आजारपण, घर, नवससुद्धा. त्या खुर्चीत माझ्याकडे कसलंच बळ नव्हतं. देवीचं नाव घ्यायला जीभही नव्हती. डोळे मिटले आणि मनात म्हटलं, आई, आता तू जाण. नाकात औषधाचा गार फवारा आला, मग नळी. दोन्ही हातांना कुणीतरी धरलं होतं. मी धडपड केली नाही. एवढंच माझ्या हातून झालं.

दोन दिवसांनी नळी निघाली. हनुवटीखाली पट्टी होती, पण श्वास मोकळा येत-जात होता. नर्सनं चमच्यानं पाणी पाजलं आणि ते गळ्यातून सरळ खाली उतरलं. इतकं सुख मला आयुष्यात कुठल्या पक्वान्नानं दिलं नाही. यजमान उशाशी बसले होते. मला अजून बोलायची मनाई होती, म्हणून तेच बोलत राहिले, अडखळत, थांबत. मी नुसती ऐकत पडले. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. डॉक्टरबाई येऊन म्हणाल्या, “वेळेवर आलात. आणखी काही तास गेले असते तर अवघड होतं. आता मात्र साखरेकडे दुर्लक्ष नको.”

दिवाळीनंतर आम्ही दोघं हमीदाबींच्या घरी गेलो. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला वरच्यावर धरलं. “मी काय केलं ताई? त्या वक्ताला आमाला सांगनारं कुनी न्हवतं. मला ठावं हुतं, म्हनून बोलले.” मग ओढणीनं चष्मा पुसत म्हणाल्या, “तुमी नीट झाला, तवापासून मला जरा झोप लागती.”

त्यांच्या त्या वाक्यानं माझ्या मनातला उरलासुरला गुंता सुटला. मी देवीला अटी घालत आले होते, तू एवढं कर, मग मी एवढं करते. तिनं मात्र माझ्याकडून काहीच मोजून घेतलं नाही. एका विधवेचं जुनं दुःख मला वाचवण्याच्या कामी आलं, आणि मी वाचल्यानं तिचंही मन थोडं निवलं. यातलं काय ठरलेलं होतं आणि काय योगायोग, ते मला ठाऊक नाही, आणि तपासावंसंही वाटत नाही. आता देवापुढे उभी राहते तेव्हा काही मागत नाही आणि काही कबूलही करत नाही. हात जोडते, एक मोकळा श्वास घेते आणि घरी येते.