साबणमावशीचा डोळा

माझ्या मावशीच्या घरात पुढच्या बाजूला ॲसिड होतं, मागच्या बाजूला कॉस्टिक सोडा आणि मधोमध स्वयंपाकघर. पुढे काकांचं, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं, गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान. मागच्या खोलीत मावशीचा साबण. ॲसिड चवीला आंबट आणि अल्कली कडू, असं कुणाच्या तरी पोराने शाळेत शिकून येऊन सांगितलं आणि गल्लीने दोघांचं नाव ‘आंबट-कडू’ ठेवून दिलं. "आंबट आहेत का दुकानात?" असं गिऱ्हाइकं खुशाल मावशीला विचारायची. तीही म्हणायची, "जेवतायत. तोवर कडूशी बोला."

बाकी काकांच्या स्वभावात आंबटपणा औषधालाही नव्हता. माणूस भित्रा. दार आपटलं तरी दचकायचे. रोज ॲसिडशी खेळणारा माणूस इतका घाबरट कसा, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घाबरतो म्हणून तर बोटं शाबूत आहेत." दुकानात कुठे ॲसिड सांडलं, की ते त्यावर खाण्याचा सोडा भुरभुरायचे. फसफस व्हायची, फेस यायचा आणि मग सगळं शांत. फेस बसला की त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान दिसायचं, की जणू घरातलं भांडण मिटलं. "प्रत्येक गोष्टीला उतारा असतो," हे त्यांचं आवडतं वाक्य.

मावशी मात्र फटकळ. तरुणपणी ती एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होती. चादरी धुवायच्या पाण्यात इतका खार असायचा, की तिच्या तळहातांना भेगा पडायच्या आणि मीठ उचललं तरी डोळ्यांत पाणी यायचं. एक दिवस ती काम सोडून घरी आली आणि म्हणाली, "मळ काढायला साबण लागतो, कातडी सोलायला नाही. आता मीच करून बघते."

पहिला साबण तिने ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करायला घेतला. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, हे तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पातेलं फसफसायला लागलं, काळं पडलं आणि तळाला भोक पडून सगळा रगाडा ओट्यावर. काका दाराआडून नुसते बघत होते. दुसऱ्या खेपेला सोडा कमी पडला, तर तेल वर आणि पाणी खाली, दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. तिसऱ्या खेपेला वड्या जमल्या, पण हाताला अशा चावायच्या की माझ्या आईने एक वडी वापरून दुसरी परत पाठवली. मावशी हटली नाही. तेल किती, सोडा किती, वड्या किती आठवडे सुकू द्यायच्या, हे हळूहळू तिच्या हातात बसलं. भांडी घासून आईच्या हातांना पडलेल्या भेगा पुढे ज्या साबणाने बुजल्या, तो मावशीचाच. मग गल्लीत ती साबणमावशी झाली.

नवरा-बायकोचं एका बाबतीत मात्र पक्कं एकमत होतं. काकांच्या उस्तादाने त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही. थोडक्या पाण्याला ती उष्णता झेपत नाही, ते जागच्या जागी उकळतं आणि ॲसिडसकट अंगावर येतं. मावशीचाही नियम तोच, फक्त ॲसिडच्या जागी सोडा. "आमचं लग्न टिकलं ते यावर," ती म्हणायची. "आग कुणाचीही असो, आधी पाणी भरपूर पाहिजे."

तो प्रसंग घडला तेव्हा मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. सकाळचे दहा वाजून गेले असतील. दुकानासमोर एका जाड्या गृहस्थांची गाडी उभी होती. काकांनी तिची जुनी बॅटरी काढून बाहेर ठेवली होती आणि नवी आणायला ते आत वळले होते. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. मागे मावशी बादलीतल्या पाण्यात सोडा विरघळवत होती. डब्याचं झाकण आदल्या दिवशी नीट बसलं नव्हतं. कॉस्टिक सोडा हवेतलं पाणी ओढून घेतो. रात्रीतून सगळे दाणे एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं होतं. मावशीचा चष्मा वाफेने धुरकटला म्हणून तिने तो कपाळावर सरकवला, डबा तिरका केला आणि ते अख्खं ढेकूळ बदकन बादलीत पडलं.

तिच्या ओरडण्याने मी भाजी टाकून धावले. मावशी दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरून भिंतीशी वाकली होती. माझ्या मागोमाग काका आले. त्यांनी एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि फळीवरची व्हिनेगरची बाटली उचलली. त्यांचं काय चुकलं? आयुष्यभर त्यांनी एकाच्या उताऱ्याला दुसरं वापरलं होतं. सोड्यावर आंबट टाकलं की मिटलं.

बुचाचा आवाज मावशीने मिटल्या डोळ्यांनी ओळखला. "ते नको!" ती किंचाळली. "आणखी भाजेल! पाणी! नुसतं पाणी!"

सांडलेलं ॲसिड फरशीवर असतं, तिथे फेस आला आणि उष्णता निघाली तरी फरशी तक्रार करत नाही. डोळा म्हणजे फरशी नव्हे. काकांनी बाटली मोरीत फेकली. आम्ही दोघांनी मावशीला नळाखाली वाकवलं. डावा डोळा वाचला होता, उजव्यात सोड्याचं पाणी उडालं होतं. ती पापणी उघडायला तयार नव्हती. कुणाची झाली असती? धार पापणीवरून नुसती ओघळत होती.

आणि मग जे काकांनी केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. दार आपटल्यावर दचकणाऱ्या त्या माणसाने डाव्या हाताने बायकोची मान धरली आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी पापणी फाकवली.

"सोडा मला! मेले मी!" मावशी हात-पाय झाडत होती. तोंडाला येईल ते बोलत होती. काकांच्या आईवडिलांपर्यंत पोचली.

"शिव्या घाल," काका म्हणाले, "पण डोळा उघडा ठेव."

तेवढ्यात नळाची धार बारीक झाली. आधी करंगळीएवढी, मग दोऱ्याएवढी, मग थेंब. सकाळीच वरची टाकी धुवायला काढली होती. पाइपात उरलेलं पाणी तेवढं आलं आणि संपलं. माझ्या तोंडचंच पाणी पळालं. काका क्षणभर त्या नळाकडे बघत राहिले आणि दुकानाकडे पळत सुटले. परत आले ते दोन्ही हातांत प्लास्टिकचे कॅन घेऊन. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर! बॅटरीला नळाचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार तिच्या प्लेटांवर बसतात. म्हणून दुकानात या शुद्ध पाण्याची कायम थप्पी असायची. ना आंबट ना कडू, ज्यात काहीच नाही असं पाणी.

एक कॅन संपला की दुसरा. मी ओतत होते, काका पापणी धरून होते. दुकानातले जाडे गृहस्थ आरडाओरडा ऐकून आत आले आणि काही न विचारता कॅन आणून द्यायला लागले. थप्पी बरीच खाली आली तेव्हा तेच म्हणाले, "अहो, दवाखान्यात न्यायला हवं. माझी गाडी आहे."

"तुमच्या गाडीत बॅटरी नाही," काका म्हणाले.

तशा परिस्थितीतही मावशीच्या तोंडून हुंदक्यासारखं हसू फुटलं.

काकांनी बॅटरी बसवायला घेतली. हे काम ते झोपेतही करतील, पण त्या दिवशी पाना दोनदा हातातून पडला. तोवर मी मावशीचं डोकं मांडीवर घेऊन ओतत होते. गाडीतही ओतत राहिलो. मागची सीट भिजून चिंब झाली, खाली तळं साचलं. मी ओशाळून काही बोलणार, तर ते गृहस्थ आरशात बघून म्हणाले, "सीट गेली खड्ड्यात. धार थांबवू नका."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "धुतला का?"

"धुतला," काका म्हणाले. "बॅटरीच्या पाण्याने." एवढं बोलून त्यांचा चेहरा पडला, जणू आता फाशीच होणार. "म्हणजे ॲसिड नव्हे हो! शुद्ध पाणी."

"लगेच?"

"लगेच."

"मग निम्मं काम तुम्ही करून आलात," बाई म्हणाल्या. त्यांनी कागदाची एक बारीक पट्टी मावशीच्या खालच्या पापणीच्या आत टेकवली. साबण तपासायला मावशी जी वापरायची, तसलीच. पट्टी निळसर झाली. म्हणजे सोडा अजून आत होता. मग सलाइनची बाटली टांगली आणि धार सुरू झाली. पुन्हा पट्टी. निळा फिका झाला, पण गेला नाही. पुन्हा बाटली. काका खुर्चीच्या टोकावर बसून त्या पट्ट्यांकडे असे बघत होते, की जणू परीक्षेचा निकाल लागतोय. शेवटी एक पट्टी पोपटीसर हिरवी निघाली, म्हणजे ना आंबट ना कडू. काका उठून उभे राहिले.

"बसा," बाई म्हणाल्या. "हा सोडा आत दडून बसतो आणि मागाहून बाहेर येतो. थोडं थांबून पुन्हा बघू."

थांबलो. पुन्हा पट्टी लावली. हिरवीच राहिली. बाईंनी मोठ्या यंत्रातून डोळा तपासला आणि म्हणाल्या, "वरचा पापुद्रा भाजलाय, पण तो परत येतो. बुबुळ आतून स्वच्छ दिसतंय. डोळा वाचेल, असं मला वाटतं."

काका "हो" म्हणाले, बाहेर गेले, बाकावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. ते जाडे गृहस्थ शेजारी बसून त्यांची पाठ थोपटत होते.

पुढचे दिवस डोळ्यावरची पट्टी, थेंब, मलम यांत गेले. काकांनी थेंब घालायचं काम कुणाला दिलं नाही. रात्रीही गजर लावून उठायचे. मावशी कुरकुरायची, "झोपू द्या की मेलं मला," पण मान आपणहून वर करायची. पट्टी सुटायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा झाकायला सांगून विचारलं, "काय दिसतंय?"

मावशीने बराच वेळ उजवा डोळा किलकिला केला.

"अंधूक आहे," ती म्हणाली. मग काकांकडे वळली. "पण यांनी आज दाढी केलेली नाही, एवढं दिसतं."

नजर पुढच्या काही आठवड्यांत बरीचशी स्वच्छ झाली. सोड्याच्या डब्याजवळ जायचं मात्र मावशीला जमेना. मग काकांनी मोठा, बाजूंनीही बंद असलेला चष्मा चढवला आणि म्हणाले, "ढवळायचं काम तुझं. सोडा मी घालतो." चमचा-चमचा करून, साध्या पाण्याने भरलेली बादली शेजारी ठेवून, ते सोडा पाण्यात सोडू लागले. भीत भीतच. पण साबण पुन्हा सुरू झाला.

मला मात्र पट्टी सुटली ती दुपार जास्त आठवते. घरी आलो आणि काका दुकानात खुर्चीवर टेकले ते तिथेच झोपले. तोंड उघडं, चपला पायातच. एक गिऱ्हाईक आलं आणि "अहो, बॅटरी..." म्हणून सुरुवात करणार, तोच मावशीने ओठांवर बोट ठेवलं.

"आज नाही," ती कुजबुजली. "उद्या या."

गिऱ्हाईक गेलं. मावशीने शटर अर्धं खाली ओढलं, जराही आवाज होऊ न देता, आणि काकांच्या पायातल्या चपला काढून ठेवल्या.