रजिस्टर उसवलं त्या दिवशी

शाळेचं जनरल रजिस्टर मी सुरगाण्याहून नाशिकपर्यंत मांडीवर घेऊन आले. शाळा सुरू झाल्यापासूनच्या प्रत्येक मुलाची नोंद त्यात होती. पुठ्ठा सुटला होता, कसर लागली होती. हेडमास्तरांनी बजावलं होतं, "बाई, बांधून आणा, पण नजरेआड करायचं नाही." दोन हजार सालानंतरची गोष्ट, मी नोकरीत नवीन होते.

नाशिकच्या द्वारका चौकामागच्या गल्लीत एक नवरा-बायको बाइंडिंगचं काम करायचे. मी पोचले तेव्हा नवरा कटिंग मशीनवर होता. वीतभर उंच वह्यांचा गठ्ठा त्याने पात्याखाली सरकवला, मोठं चाक फिरवलं, आणि पातं लोण्यातून जावं तसं कागदातून खाली गेलं. कड आरशासारखी गुळगुळीत. मी पाहतच राहिले.

त्याने माझ्या रजिस्टरकडे हात केला. "कडा फाटल्यात. अर्धा इंच काढू, नवं दिसेल."

"अहो, थांबा," बायको म्हणाली. "कडेपर्यंत लिहिलंय. अर्ध्या इंचात कुणाची जन्मतारीख जाईल."

रजिस्टर तिने स्वतःपुढे ओढलं. मी समोरच्या स्टुलावर बसले ती संध्याकाळपर्यंत.

तिने जुना दोरा कापला, आणि एवढं जाडजूड रजिस्टर बघता बघता सुट्या घड्यांचा ढीग झालं. एकही घडी हरवू नये म्हणून मी त्या मोजू लागले. ती मात्र एकेक घडी उचलून फाटल्या जागी पातळ कागदाची पट्टी चिकटवत होती. मैद्याच्या खळीत मोरचूद घातलेलं, म्हणजे पुन्हा कसर लागणार नाही.

सुरुवातीची दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. ती आम्ही कधी उघडलीच नव्हती. एकच जाड पान समजत होतो. तिने वर ओलसर फडकं ठेवलं.

"शाई फुटेल ना?" मी विचारलं.

"फुटू शकते. म्हणून दमानं घ्यायचं."

मग तिने हाडाची पातळ पट्टी आत सारली. केसाएवढी फट पडली, वाढली, आणि पान सुटलं. आत नावं होती, ठसठशीत. त्यातलं एक आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाबांचं. आपण याच शाळेत होतो असं ते सांगायचे, आणि आम्ही शिक्षक हसण्यावारी न्यायचो. इयत्ता पहिली. शाळा सोडण्याचं कारण: आईबापाबरोबर कामाला गेला.

तिने लाकडी चौकटीवर तीन नाड्या ताणल्या, दोऱ्याला मेण चोळलं आणि शिवायला घेतलं. सुई घडीतून आत, नाडीला वळसा, परत बाहेर. तासाभरात त्या ढिगाला पुन्हा पाठ आली, आणि संध्याकाळी वर नवा पुठ्ठा चढला.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाबांना चुलीपासून बोलावलं आणि त्यांच्या नावावर बोट ठेवलं. त्यांनी हात धोतराला पुसले, पण पानाला लावले नाहीत.

"वाचा की, बाई."

मी वाचलं. कारणही वाचलं.

"हां," ते म्हणाले. "भाताची लावणी होती. गुजरातला." मग पानाकडे वाकून म्हणाले, "आता परत पहिल्यापासून वाचा."