चारठाण्याचे खांब, साडूंचा अर्ज आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष

चारठाण्याला निघालो ते देवळं पाहायला नव्हे, साडूंना आवरायला. आमचे साडू रंगनाथ ग्रामपंचायतीला दोनदा उभे राहिले, दोनदा पडले आणि आता तिसऱ्यांदा अर्ज भरणार होते. त्यांची बायको सुमन ही आमच्या मंडळींची धाकटी बहीण. “तुमी पेपर वाचलेले. उभं राहू नका म्हणून सांगून या,” असा मला घरून हुकूम झाला.

परभणीहून जिंतूरला सकाळची एसटी धरावी, पण उजव्या खिडकीला बसू नये. ऊन त्याच बाजूला. जिंतूरला गाडी बदलावी लागते. स्टँडवरची भजी गरम असली तरच घ्यावीत. चहा डोळे मिटून प्यावा. उघडे ठेवले तर कप दिसतो.

चारठाण्यात साडू घ्यायला आले होते. म्हटलं, आधी देवळं. तिथल्या खांबांचं कोरीव काम वर्णनाने कळत नाही, मापाने कळतं. मी धंद्याने शिंपी, टेप खिशात असतेच. एका खांबाचा घेर घ्यायला लागलो, तोच पारावरून आवाज आला, “पाव्हनं, खांबाला सदरा शिवायलाव का?”

हसणाऱ्यांत जाऊन बसलो. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण वर्तमानपत्रांचं. कपड्याचा कागदी बेत काढायला रद्दी आणतो, पण वाचल्याशिवाय कात्री लावत नाही. निवडणूक म्हणजे पोरखेळ नव्हे, हे साडूंना पटवायला मी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचं चरित्र काढलं, आणि तिथेच घोळ झाला.

सिरक्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून पळताना दोनदा पकडले गेले, तिसऱ्यांदा निसटले. तरुणपणीच मंत्री झाले. राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, पडले. पुन्हा उभे राहिले, थोडक्यात पडले. तिसऱ्यांदा निवडून आले. मान उडवायची शिक्षा बंद केली, विरोधी पक्षाचा पंतप्रधान दोन वर्षं सोसला आणि यंदा, अठ्ठ्याऐंशी साली, पुन्हा निवडून आले!

“भावकी केवढी हो त्यांची?” एका म्हाताऱ्याने विचारलं.

“तिथं भावकीवर मतं पडत नाहीत.”

“मंग दोनदा पडले त्याचं नवल न्हाई.”

साडू मात्र उठून उभे राहिले होते. “म्हंजे तिसऱ्यांदा हमखास!”

संध्याकाळी सुमनने ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढला. ठेचा तिने मुद्दाम तिखट केला असावा. पारावरची बातमी माझ्याआधी घरी पोचली होती.

“दाजी, तुमी आडवायला आलते का ढकलायला?”

मी पाणी प्यालो.

“येवढं वाचलंत, तर एक सांगा. पडले त्या दिवशी तुमचे ते फ्रान्सवाले घरी जाऊन जेवले का?”

फ्रान्सचे किती प्रांत, किती नद्या, विचारा. हे कुठे छापलंच नव्हतं.

“हे दोन्ही बारी उपाशी निजले,” ती साडूंकडे न बघता म्हणाली. “लोकांनी मतं दिली न्हाईत तर राग माझ्या ताटावर का काढायचा? रात्रभर वाढलेलं ताट बघत बसायची मी.”

साडूंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. मग म्हणाले, “या बारी पडलो तरी जेवतो.”

“पोटभर?”

“पोटभर. साडूच्या साक्षीनं.”

“मंग भरा अर्ज.”

परभणीला आलो. काय केलंत, म्हणून विचारणा झाली. मी खांबांचं नक्षीकाम सांगायला लागलो, तर “तुमच्यापेक्षा नुसतं पोस्टाचं पाकीट टाकलं असतं तर बरं,” असं ऐकावं लागलं.

निवडणूक झाली. चारठाण्याचा एक ओळखीचा माणूस पायजमा शिवायला दुकानात आला. “रंगनाथराव पडले,” म्हणाला. माझं मशीन थांबलं.

दुकानामागच्या घरातून आमच्या मंडळींनी विचारलं, “जेवले का?”

“जेवले की, माझ्यासमोर. अडीच भाकरी. वर दही मागितलं.”

मशीन पुन्हा सुरू केलं. चारठाण्याला जरूर जा, खांबांसाठी तरी. खांबाच्या घेराचं माप लिहिलेला कागद माझ्याकडून कुठल्याशा बाहीच्या बेतात कापला गेला. फ्रान्सची बातमी मात्र आता कात्री लावण्याआधी दोनदा वाचतो. ते पडले त्या दिवशी जेवले की नाही, हे अजून कुणी छापलेलं नाही.